पंधरा दिवसांची गाठ

पंधरा दिवस, असं मी म्हणालो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "काका, ही गाठ पहिल्यांदा कधी लक्षात आली?" आणि माझं तोंड मला न विचारता म्हणालं, झाले असतील पंधरा दिवस. तोंडाचं सोडा. तोंड काय, जन्मभर वेळ मारून नेत आलंय. पण ते बोलत होतं तेव्हा माझा उजवा हात कुत्रीच्या पोटाखाली होता आणि बोटांत ती गाठ होती. लिंबाएवढी, टणक, एका बाजूने चपटी, चाटून चाटून लाल झालेली. आणि बोटांना पक्कं ठाऊक होतं की ही सात महिन्यांची आहे. एकाच माणसाचं तोंड पंधरा दिवस म्हणत होतं आणि हात सात महिने म्हणत होता, आणि मधे मी उभा होतो, दोघांच्या भांडणात पडायला नको म्हणून गप्प बसलेल्या शेजाऱ्यासारखा. बायको टेबलाच्या पलीकडे होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पट्ट्याची कडी उलटी फिरली होती ती तिने सरळ केली. मग उगाच पुन्हा उलटी केली, पुन्हा सरळ केली.

"नक्की पंधरा?" बाईंनी लिहिता लिहिता विचारलं.

"सोळा असतील," मी म्हणालो.

हा सोळावा दिवस मी का जोडला ते मला माहीत आहे. खोट्याला एका दिवसाचं सुटं नाणं जोडलं की ते खरं वाटतं. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही, कारखान्याने शिकवलंय. आमचा कारखाना म्हणजे जुन्या टायरांवर नवं रबर चढवण्याचा. झिजलेले टायर येतात, घासून उघडे करतात, वर नव्या रबराचा पट्टा गुंडाळतात, भट्टीत शिजवतात, आणि शिजून बाहेर आलेला टायर माझ्यासमोर येतो. गेली सव्वीस वर्षं मी एकच काम करतो. टायर चाकावर सावकाश फिरतो, मी डोळे मिटतो आणि पंजा त्यावर सपाट ठेवतो. हातमोजा घालायचा नाही. आतले थर कुठे सुटले असतील तर तिथे रबर किंचित उचललेलं असतं. डोळ्यांना दिसत नाही, पण तळव्याला लागतं. त्याला आम्ही फुगा म्हणतो. फुगा लागला की खडूने फुली मारायची, टायर बाद. शंका वाटली तर गोल काढायचा, म्हणजे बाजूला ठेवून उद्या पुन्हा बघायचा. कारखान्यात माझ्या हाताचा दरारा आहे. मालक पाहुण्यांना घेऊन येतो तेव्हा माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो, हे आमचं मशीन, याला वीज लागत नाही. पाहुणे हसतात. मीही हसतो. सव्वीस वर्षांत माझं नाव त्याने पाहुण्यांना सांगितल्याचं आठवत नाही.

"मऊ होती, बोटाखाली सरकत होती, म्हणून म्हटलं चरबीची असेल," मी बाईंना म्हणालो. आवाजात थोडी ऐट होती. म्हणजे मलाही काही कळतं, अशी.

"हाताला कळत नाही, काका." तिने लेखणी खाली ठेवली. वयाने माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीएवढी असेल. मनगटावर जुन्या चाव्याचा पांढरा व्रण. "कोणाच्याच हाताला कळत नाही. माझ्याही नाही. मऊ, सरकणाऱ्या गाठी कधी कधी वाईट निघतात, आणि दगडासारख्या कडक गाठीत कधी कधी काहीच नसतं. वाटाण्याएवढी झाली की आणायची. बारीक सुई घालायची, चार पेशी काचेवर घ्यायच्या, बघायचं. पाच मिनिटांचं काम."

"सुई टोचली की पसरतं म्हणतात ना?"

"म्हणणारे कुठल्या कॉलेजात शिकलेत?" ती हसली नाही. "पसरतं ते वाट बघून."

हाताला कळत नाही. किती सहज म्हणाली. पेला फुटला म्हणतात तसं. मला तिथेच राग आला, आणि तो राग मी सांगतोय तितका साधा नव्हता. मी शिकलो नाही. आठवीत वडील गेले आणि मी घासणीच्या मशीनवर उभा राहिलो, नाकातोंडात रबराची काळी भुकटी. पुढे तपासणीवरच्या म्हाताऱ्या उस्तादाने मला निवडलं ते हातासाठी. त्याने दहा टायर फिरवले आणि विचारलं, कुठे आहे सांग. मी सातव्यावर पंजा थांबवला. उस्ताद म्हणाला, हा हात देवाने दिलाय, तोंड मात्र बापाचं दिसतंय, ते बंद ठेवत जा. तेव्हापासून माझ्याकडे सांगण्यासारखी ती एकच गोष्ट. लोकांकडे डिग्र्या असतात, घरं असतात, परदेशात पोरं असतात. माझ्याकडे तळवा. आणि ही काल शिकलेली मुलगी म्हणते, हाताला कळत नाही.

सुई टोचली तेव्हा मावशी हलली नाही. आमच्या कुत्रीचं नाव मावशी. मांजर वाघाची मावशी, तर ही आमची. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी दारात येऊन बसली, कोणी बोलावलं नाही, कोणी हाकललं नाही, तिसऱ्या दिवशी दिवाणावर चढली आणि चौथ्या दिवसापासून आमच्या घरात कुठे काय ठेवायचं ते ठरवायला लागली. बायको म्हणाली, ही तर माझी मावशीच आली. आम्हाला मूल नाही. त्याबद्दल मी इथे बोलणार नाही. पण माणसाच्या आवाजात हाक मारायला घरात कोणीतरी लागतं, आणि अकरा वर्षं आमच्या घरात दिवसातून पन्नास वेळा "मावशी" अशी हाक मारली जाते. त्यातल्या पाच माझ्या. उरलेल्या पंचेचाळीस बायकोच्या. तिचं माझ्याशी जे बोलणं होतं तेही बरंचसं मावशीमार्फतच होतं. मावशी, यांना सांग गॅस संपलाय. मावशी, यांना विचार आज पुन्हा उशीर का. आणि मावशी माझ्याकडे बघते, शेपटी एकदा इकडे, एकदा तिकडे. निरोप पोचला.

बाईंनी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि बराच वेळ डोळा लावून बसली. त्याआधी छातीचा फोटो काढून झाला होता. मग वळून म्हणाली, "पेशी चांगल्या दिसत नाहीत. किती वाईट ते काचेवर कळत नाही, आख्खी गाठ काढून तपासली तरच कळेल. छाती स्वच्छ आहे, ही चांगली गोष्ट. आता नीट ऐका. गाठ लाल आहे, गरम आहे. ही चाटते म्हणून असेल, नाहीतर आतूनच पेटलेली असेल. रेंगाळत रेंगाळत वाढलेली असती, सहा-आठ महिन्यांची, तर मी म्हटलं असतं चाटून झालंय, काढून टाकू, अकरा वर्षांची असली तरी भूल सोसेल. पण काहीच नव्हतं तिथे पंधरा दिवसांत एवढी झाली, म्हणजे ती पेटलेल्या जातीची. तसल्या गाठीला सुरी लावायची नसते. टाके धरत नाहीत. जखम उघडी राहते आणि जनावर उरलेले दिवस नरकात काढतं. मग दुखणं कमी करायचं आणि..." ती थांबली. "म्हणून पुन्हा विचारते. घाई नाही, आठवून सांगा. सगळं तुमच्या पंधरा दिवसांवर आहे."

एवढं सरळ. ताटात वाढून समोर ठेवलं. मी फक्त म्हणायचं होतं, अहो चुकलो, सात महिने झाले. जीभ उचलायची होती. आणि मी मावशीच्या कानामागे खाजवत म्हणालो, "नक्की. पंधराच." मला बायकोचा श्वास ऐकू आला. ती आता बोलेल, असं मला वाटलं. बोलली असती तर मी चिडलो असतो, म्हटलं असतं तुला काय कळतं, आणि सुटलो असतो. ती बोलली नाही. बाई म्हणाली, "ठीक आहे. औषध देते. मंगळवारी या, काय करायचं ते ठरवू," आणि मावशीला टेबलावरून उतरवायला मी हात पुढे केले तर बायकोने तिला आधीच उचललं होतं. अठरा किलोची कुत्री. तिची कंबर दुखते. तरी उचलली.

आता ते सात महिने. त्या दिवशी सकाळी माझा चष्मा फुटला होता, मीच बसलो त्याच्यावर. बायको बाथरूममध्ये मावशीला आंघोळ घालत होती आणि तिने हाक मारली, अहो, जरा इकडे या, हिच्या पोटाला काहीतरी लागतंय. मी गेलो. ती म्हणाली, थांबा, चष्मा नाही तुम्हाला, दुपारी बघा. मी म्हणालो, चष्मा कशाला हवा, हात आहे ना. हे मी म्हणालो. ओल्या केसांतून बोट फिरवलं. शेवटून दुसऱ्या आचळाजवळ, वाटाण्याएवढी. सरकली. मी डोळे मिटले, कारखान्यात मिटतो तसे, आणि खरं सांगतो, माझ्या बोटाला ती आवडली नाही. काय आवडलं नाही ते सांगता येणार नाही. फुग्याची सुरुवात असते तसं काहीतरी, रबर अजून उचललेलं नाही पण उचलायचा विचार करतंय. बायको साबणाचे हात वर धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, "चरबी आहे. सरकणारी गाठ गरीब असते." "नक्की ना? डॉक्टरांकडे नेऊ का?" "अगं, मी सांगतोय ना. पास." पास! तिने पाणी ओतलं. तिचा चेहरा असा मोकळा झाला की मला त्या मोकळेपणाचा मोह पडला. माझ्या एका शब्दाने कोणाचा चेहरा असा मोकळा होतो, हे मला फार दिवसांनी मिळालं होतं. ते मी परत द्यायला तयार नव्हतो.

त्यानंतर ती गाठ वाढत गेली आणि मी तिला रोज हात लावत होतो. बायकोला कळू न देता. संध्याकाळी दिवाणावर, मावशी उताणी, मी पोट खाजवतोय असं दाखवत. वाटाणा, हरभरा, चिंचोका, सुपारी. मी मनात खडूने गोल काढत होतो. उद्या बघू. उद्या पुन्हा बघू. माझ्यासारख्या माणसाचीच ही चूक आहे. दुसऱ्या कोणी घाबरून पहिल्याच आठवड्यात दवाखाना गाठला असता, कारण त्याच्याकडे असला हात नसता. बायकोने मधे दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा मी तिच्यावर खेकसलो. सव्वीस वर्षं लोक माझ्या हातावर गाड्या चालवतायत, आणि तुझा एका कुत्रीपुरता विश्वास नाही? ती म्हणाली, मावशी, ऐकलंस का, आपण गाडी आहोत. शेवटी मावशी ती गाठ चाटून चाटून लाल करायला लागली तेव्हा, शनिवारी, आम्ही दवाखाना गाठला.

आणि लोक गाड्या चालवतायत हे कोणाला सांगत होतो मी? उस्तादाने मला हातापाठोपाठ रजिस्टर शिकवलं. रजिस्टरात एक रकाना असतो, दोष केव्हा लक्षात आला. उस्ताद म्हणाला, शंका आली तर ती लिहायची नाही. लिहिलीस आणि टायर पुढे गेला तर फास तुझ्या गळ्यात. टायर परत आला, फुगा दिसला, की त्या दिवशी लिहायचं. दोषाचा वाढदिवस नेहमी आजचा, बेटा. आम्ही सगळे तसंच करतो. माझ्या आधीचे करत होते, माझ्यानंतरचेही करतील. रजिस्टर बघितलंत तर वाटेल आमच्या कारखान्यात टायर अचानक, कोणालाही न कळवता, एका दिवसात बिघडतात. अक्षर मात्र सुरेख. खाडाखोड चालत नाही. करायचीच झाली तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी दुसऱ्या माणसाची सही. मी सव्वीस वर्षांत एकदाही खोडलं नाही. याबद्दल मला एकदा भिंतीवर लावायचं घड्याळ मिळालंय.

भट्टीवाला नावाचा माझा मित्र होता. भट्टीवर असायचा म्हणून भट्टीवाला. जाड, घामट, दिवसभर गाणी म्हणणारा, सूर धरून कधी नाही. एका दुपारी एक टायर माझ्या तळव्याखालून गेला आणि काहीतरी लागलं. चिंचोक्याएवढं. बाहेर ट्रक उभा होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, सुपरवायझर काचेमागून हात हलवत होता. मी गोलही काढला नाही. दोन महिन्यांनी तो टायर फाटून परत आला. ट्रक उलटला होता, ड्रायव्हरचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला होता. मी रजिस्टर उघडलं आणि दोष केव्हा लक्षात आला या रकान्यात सुरेख अक्षरात आजची तारीख लिहिली. म्हणजे तपासणीच्या वेळी दोष नव्हता. म्हणजे मग भट्टी कमी पडली असणार, थर कच्चे राहिले असणार. भट्टीवाल्याला काढलं. जाताना गेटपाशी माझ्याजवळ आला. मला वाटलं आता हा माझी कॉलर धरेल. तो म्हणाला, "तुझ्या हाताला लागलं नाही म्हणजे नव्हतंच रे तेव्हा. माझीच भट्टी चुकली असेल कुठेतरी." आणि माझा हात हातात घेऊन हलवला. हाच उजवा. त्याने शिवी दिली असती तर मी ती कधीच विसरून गेलो असतो. पुढे तो कुठेतरी वॉचमन झाला म्हणतात. गाणं म्हणतो की नाही, कोणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

रविवारी घरात गाठीबद्दल कोणी काही बोललं नाही. मावशीमार्फतसुद्धा नाही. औषधाने मावशीला जरा बरं वाटत होतं, ती दाराशी उन्हात आडवी पडली होती आणि जिन्यात पाऊल वाजलं की एक कान उचलत होती. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर उतरताना थांबले. कोणाचंही काही झालं की यांच्याजवळ सल्ला तयार. "काय हो, गाठ आहे म्हणे? कुत्र्यांना होतच असतात. आणि वय किती हिचं? अकरा? म्हणजे आपल्या हिशोबाने सत्तरीच्या पुढे. जाऊ द्या की सुखाने. दुसरी आणा." मी म्हणालो, "मास्तर, तुमचं वय किती?" "एक्काहत्तर." "मग?" ते तरातरा निघून गेले. बायको आत भांडी घासत होती, तिने हे ऐकलं असणार. एरवी हसली असती. मास्तरांवर चिडायचा मला काय अधिकार होता? ते उघड बोलत होते. मी गप्प राहून तेच करत होतो. मंगळवारी डॉक्टरीणबाई विचारेल, मी मान खाली घालेन, आणि पेटलेल्या जातीची म्हणून मावशीला हळूहळू निजवून टाकतील. बायको रडेल, मी तिच्या खांद्यावर हात ठेवेन. हाच हात. लोक म्हणतील, काय करणार, फार झपाट्याने वाढली हो, पंधरा दिवसांत. आणि मी मान हलवेन. चित्र इतकं स्वच्छ दिसलं की मला स्वतःची किळस आली. किळस आली म्हणजे मी काही केलं असं नाही. किळस येऊनही माणूस दोन वेळा जेवतो. मी जेवलो.

सोमवारी सकाळी निघताना पाहिलं तर मावशीचं जेवणाचं भांडं धुऊन ओट्यावर पालथं ठेवलेलं होतं. मला वाटलं, हिने आतापासूनच आवराआवर सुरू केली. मावशी मरायच्या आत भांडं पालथं. मला संताप आला बायकोचा. हे बघा, अजूनही मला बायकोचाच संताप येत होता. ती मावशीला घेऊन दिवाणावर बसली होती, म्हणाली, "डबा घेतलात?" तेवढंच.

कारखान्यात अकरा वाजता एक टायर आला. पंजा ठेवला, डोळे मिटले. दुसऱ्या फेरीला लागलं. नाही लागलं. लागलं. मी चाक थांबवलं आणि त्या जागेवर बोट फिरवत राहिलो आणि पहिल्यांदाच, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, मला कळेना. आहे की नाही? हाताला कळत नाही, असं ती म्हणाली होती. मग आजवर काय कळत होतं? की कळत होतं सगळं, आणि न कळल्याचं नाटक मी त्याच हाताकडून इतकी वर्षं करून घेतलं, आता तो खरोखरच बहिरा झाला? सुपरवायझर, नवा, टाय लावणारा, काचेमागून आला. "काय काका, झोपलात की काय?" मी म्हणालो, "याच्यात काहीतरी आहे." "फुली?" "माहीत नाही." "माहीत नाही म्हणजे? तुम्ही तर मशीन!" मागे दोघे हसले. मी खडू घेतला, टायरवर हे एवढं मोठं फुलीचं चिन्ह काढलं आणि रजिस्टरात लिहिलं, शंका आहे. तो म्हणाला, "शंका कशी लिहिता? रकाना कुठे आहे शंकेचा?" मी म्हणालो, "तूच आखून घे." अर्ध्या दिवसाची रजा मागितली नाही, सांगितली. अंगातला काळा डगला काढला, साबणाने हात धुतले, काळं निघत नाही तरी धुतले. ठरवलं होतं, घरी जायचं, मावशीला घ्यायचं, आजच जायचं, मंगळवारपर्यंत थांबलो तर पुन्हा तोंड जिंकेल. रस्ताभर वाक्य जुळवत होतो. डॉक्टर, मी खोटं बोललो. नको. डॉक्टर, माझी मोजण्यात चूक झाली. हे बरं होतं. मग स्वतःलाच शिवी घातली. मोजण्यात म्हणे!

घराला कुलूप होतं. मास्तर खिडकीतून म्हणाले, "सकाळीच गेल्या कुत्रीला घेऊन. रिक्षाने. तुम्हाला माहीत नाही?" त्या "माहीत नाही" मध्ये त्यांनी रविवारचा सगळा सूड घेतला.

दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बायको बसली होती. मावशीचा पट्टा तिने हाताला गुंडाळून घेतला होता, इतका घट्ट की बोटं पांढरी पडली होती. पट्ट्याच्या टोकाला कोणी नव्हतं.

"आत आहे," ती म्हणाली. "कापतायत. तास झाला."

मी तिच्या शेजारी बसलो. मधे एका माणसाची जागा सोडून. "मी सांगायलाच आलो होतो," मी म्हणालो.

"हो का."

"खरंच. घरी जाऊन मग इकडे आलो."

"बरं."

"तू सांगितलंस?"

"सकाळी उघडायच्या आधीच येऊन बसले. सांगितलं, सात महिने झाले. त्या म्हणाल्या, मग थांबायचं कशाला, उपाशी आहे का? म्हटलं काल रात्रीपासून उपाशीच ठेवलीय."

म्हणजे पालथं भांडं ते हे होतं. "शनिवारी तिथेच का नाही बोललीस?"

तिने पट्ट्याचा एक वेढा सोडला. "तुम्ही बोलाल म्हणून." मग दुसरा सोडला. "रविवारीही वाट बघितली. दिवसभर. म्हटलं आता म्हणतील, आता म्हणतील. मास्तरांना बोललात तेव्हा वाटलं, आता आत येऊन म्हणतील. तुम्ही आलात आणि विचारलंत, भाजी काय केलीय."

मी विचारलं होतं खरं. भेंडी होती.

"विश्वास ठेवला मी तुमच्यावर, ती चूक माझी," ती म्हणाली. "ती मी मावशीला सांगितलीय. तुमची तुम्ही बघा." हे तिने मावशीला मधे न घालता म्हटलं, सरळ माझ्याकडे बघून. किती वर्षांनी ते मला सांगता येणार नाही.

डॉक्टरीणबाई बाहेर आली. टोपी काढली, कपाळावर टोपीचा लाल वळ. मला बघून तिला नवल वाटलं असेल तर दिसलं नाही. "काढलीय. बाजूची बरीच चांगली कातडी घेऊन काढलीय. पेटलेली नव्हती, चाटूनच लाल होती. शुद्धीवर येतेय. पण आत काय आहे ते आख्खी गाठ तपासल्यावरच कळेल, दहा दिवस लागतील. वाटाण्याएवढी असताना आणली असतीत तर मी आजच सांगितलं असतं, जा घरी निर्धास्त. आता नाही सांगत." तिच्या हातात प्लॅस्टिकची बरणी होती. पाण्यासारख्या औषधात ती तरंगत होती. बाहेर काढल्यावर लहान दिसत होती, फिकी. सात महिने मी जिला चोरून कुरवाळत होतो ती हीच, हे बघून पटेना. हात आपसूक पुढे गेला, पण बरणी हातात घेतल्यावर तळव्याला फक्त प्लॅस्टिक लागलं.

"हा फॉर्म भरून द्या, बरणीबरोबर जाईल. जनावराचं नाव, वय, आणि ही एक ओळ नीट भरा." ती आत गेली.

मी चष्मा लावला. बाकावर कागद ठेवला. जनावराचं नाव: मावशी. वय: अकरा. गाठ पहिल्यांदा केव्हा लक्षात आली. मी लिहिलं आणि बायको वाकून बघत होती, ती म्हणाली, "हे काय लिहिलंत?"

मी पाहिलं. आजची तारीख होती. सुरेख अक्षरात, रजिस्टरातल्यासारखी, शेवटच्या आकड्याला तीच किंचित झुकलेली शेपटी. मी शपथेवर सांगतो, मी ती लिहिली नव्हती. मी खरं लिहायला बसलो होतो, खरं लिहायला दुपारचा कारखाना सोडून आलो होतो. हाताने लिहिली.

बायकोने पर्स उघडली आणि माझ्या चष्म्याची पावती काढून कागदावर ठेवली. सात महिन्यांपूर्वीची, तो फुटला त्याच दिवसाची, नऊ तारीख. ही पावती शनिवारीही तिच्या पर्समध्ये असणार. मी आजच्या तारखेवर एक रेघ मारली. एकच. वर नऊ तारीख लिहिली. मग कागद तिच्याकडे सरकवला, पेन पुढे केलं. "इथे शेजारी सही कर."

"कशाची?"

"खोडलं की दुसऱ्या माणसाची लागते."

तिने तो कागद वाचला, नावापासून शेवटपर्यंत. आतून मावशीचा आवाज आला, भुलीतला, बारीक, कण्हल्यासारखा. बायको उठली. "मी तुमच्या कारखान्यात नाही," ती म्हणाली आणि पट्टा घेऊन आत गेली. दार बंद होताना तिची हाक ऐकू आली, मावशी, ए मावशी. मी उठलो नाही. हाक माझी नव्हती.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाईंनी येऊन कागद उचलला. खोडलेल्या तारखेशेजारची, सहीची रिकामी जागा मी तिला बोटाने दाखवली. "असू दे हो काका, एवढं काही नसतं," ती म्हणाली, "वाचता आल्याशी कारण." तिने कागदाची घडी घातली आणि ती रबरबँडने बरणीला बांधली. बरणी काउंटरवर ठेवली. घडी अशी पडली होती की ती ओळ बाहेरच्या बाजूला आली होती, माझ्या समोर. वाचता येत होतं. दोन्ही तारखा स्वच्छ वाचता येत होत्या.